अर्दुइनो ऊनोचा क्लॉक बाहेरच्या चिपला कसा द्यावा? गणपतीच्या आत जमवायचंय

रामबागकर:
घरच्या गणपतीसाठी आरती वाजवणारा डबा करतोय. इंदूरच्या जेल रोडवरून आणलेल्या भंगार बोर्डातून एवाय-३-८९१० ही ध्वनीची चिप निघाली. तिला क्लॉक, म्हणजे ठरावीक वेगाने हाय-लो होणारा सिग्नल, बाहेरून लागतो. ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर लूपमध्ये डिजिटलराइटने (पिन हाय किंवा लो करणारी आज्ञा) पिन हाय-लो करून दिला, तर आरतीऐवजी म्हैस हंबरल्यासारखं येतंय, वर सूर थरथरतो. आई म्हणते, बाप्पा मखरातून उठून जाईल. काय करू?

जुनासोल्डर:
भिया, चिपला १ ते २ मेगाहर्ट्झ हवेत. डिजिटलराइटने फार तर सव्वाशे किलोहर्ट्झ निघतात, म्हणजे सूर चार सप्तकं खाली. आणि दर मिलिसेकंदाला मिलिसवाला (वेळ मोजणारा) इंटरप्ट चालू प्रोग्राम थांबवून मध्येच घुसतो, थरथर त्याची.
टायमर १ वापर, तो कंट्रोलरमधला स्वतंत्र मोजणी करणारा भाग. पिन ९ आउटपुट, सीटीसी मोड (ठरलेल्या आकड्याला पोचला की पुन्हा शून्यापासून), दर वेळी पिन टॉगल, प्रीस्केलर १ (म्हणजे क्लॉक न भागता), ओसीआर१ए या आकड्याच्या रजिस्टरमध्ये ३. ऊनोचे १६ मेगाहर्ट्झ भागिले (२ × ४), शून्य ते ३ असे ४, म्हणजे बरोब्बर २ मेगाहर्ट्झ. प्रोग्राम कुठेही अडकला तरी पिन हलतच राहते. ती चिपच्या २२ नंबरच्या पिनला जोड.

रामबागकर:
कंट्रोलरचा क्लॉक थेट पिनवर काढणारा क्लॉक-आउटचा फ्यूज (कंट्रोलरमधली कायमची सेटिंग) असतो ना? तो सोपा नाही का?

जुनासोल्डर:
असतो, पण पिन ८ वर सबंध १६ मेगाहर्ट्झ येतात, मग मधे भागायला वेगळी चिप लाव. शिवाय त्याला आयएसपी प्रोग्रामर, म्हणजे फ्यूज लिहिणारं वेगळं उपकरण, लागतो. चुकून क्लॉकचा फ्यूज बदलला तर कंट्रोलर गप्प बसतो, हे मी दोनदा करून बसलोय.

तारकाका:
आणि क्रिस्टलच्या पायावरून वायर ओढू नकोस रे बाळा, ऑसिलेटर बंद पडेल. क्लॉकची वायर बोटभरच ठेव, शेजारून ग्राउंड ने, ऊनोच्या टोकाला ४७ ओहमचा रेझिस्टर घाल.

पेटीवाला:
सूर पेटीशी जुळेल का? ऊनोच्या कंट्रोलरला क्रिस्टल नाही, सिरॅमिक रेझोनेटर असतो, काम तेच पण अचूकपणा कमी. अर्ध्या टक्क्याचा फरक धरला तरी ४४० चे फार तर ४४२ होतील. नुसती आरती असेल तर चालेल, सोबत पेटी धरलीस तर कानाला टोचेल.

रामबागकर:
जमलं! चिपच्या टोन रजिस्टरमध्ये (सूर ठरवणारा आकडा) २८४ घातले की ४४० येतात, काकूंच्या पेटीशी लावून पाहिलं, किंचित चढा आहे, पण थरथर गेली. मखराची माळ मात्र मंद-तेज व्हायची थांबली, ती पिन १० वर होती, तोही टायमर १ चाच. आता ५ वर नेली.