शिबिरातलं फावडं आणि आजचा फॉर्म

रेशीमबागकर:
काल इथं जुना_महालकर काकांनी लिहिलं, "आमच्या वेळी युवक घडवत, आता नुसते फॉर्म भरवतात." खाली टाळ्याच टाळ्या. दोन ओळींत उत्तर देणार होतो, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

काका, मीबी एनएसएसवालाच, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचा. दोन वर्षांत २४० तास, वर सात दिवसांचं शिबिर. काटोलकडच्या एका गावात आम्ही सांडपाणी जिरवायचे शोषखड्डे खणले, हाताला फोड येईस्तोवर. कुठं हवेत हे गावाला विचारलंच नव्हतं. पुढच्या वर्षी गेलो तर एकात शेण न् काडीकचरा. सरपंच म्हणाले, "मेहनत वाया नाई गेली भाऊ, उकिरड्याची सोय झाली." मुली भाकऱ्या थापायला, आम्ही संध्याकाळी सतरंजीवर बौद्धिक ऐकायला. यालाच नेतृत्वविकास म्हणत.

२००१ मध्ये याच नागपुरात विजय बारसे सरांनी फुटकी बादली लाथाडणारी वस्तीतली पोरं पाहिली आणि त्यांना फुटबॉल दिला. तिथून वस्तीतल्या पोरांना फुटबॉल खेळवणारी 'स्लम सॉकर' संस्था उभी राहिली. आधी शिस्तीचं भाषण नाही, पोरं जे करत होती तिथूनच सुरुवात. बदल म्हणतात तो हा.

जुना_महालकर:
उकिरडा झकास. पण फावडं तुमच्या हातात आलं ना? माझा भाचा केंद्र सरकारच्या 'मेरा युवा भारत' पोर्टलवर नोंद करून वृक्षारोपणाला गेला. एक रोप, त्याला अकरा जणांचे हात, फोटो. मग रोप परत गाडीत! पुढच्या फोटोला लागते म्हणे. आणि २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवक १३ ते ३५ वर्षांचा, २०१४ च्यात १५ ते २९. भाचा बत्तीसचा. तो आता कोण, ज्येष्ठ नागरिक?

हिंगणा_टी_पॉइंट:
फॉर्मला नावं ठेवू नका. राज्य सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिन्याला १०,००० मिळाले म्हणून माझी खोली टिकली. शिकले काय ते विचारू नका. सहा महिने झेरॉक्स काढल्या, साहेबांचा डबा गरम केला.

जुना_महालकर:
म्हणजे मी तेच म्हणून राहिलो ना ताई!

हिंगणा_टी_पॉइंट:
नाही. तुमच्या शिबिरात भाकऱ्या फुकटात थापल्या असत्या.

बर्डीचा_बाबू:
फुटबॉल फुटबॉल करता, खेळायचं कुठं? आमच्या वस्तीचं मैदान वर्षातले निम्मे दिवस मंडपवाल्याकडे. लग्न, सेल, महोत्सव. मागच्या महिन्यात पोराच्या टाचेत खिळा घुसला, धनुर्वाताचं इंजेक्शन मी देऊन आणलं.

रेशीमबागकर:
मुद्दा युवा कार्याचा चालू आहे, बाबूभाऊ.

बर्डीचा_बाबू:
मैदान नाही तर युवा कार्य काय हॉलमधी प्रोजेक्टर लावून करता? तुमचे ते समुपदेशनवाले आले होते. पोरांना गोल बसवून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" पोरं म्हणे, "मैदान पाहिजे." यांनी चार्टपेपरवर लिहून घेतलं न् गेले.

ट्राफिक_पार्क:
आमच्याकडे तर मैदानाला कुलूप. चावी नगरसेवकाच्या माणसाकडे. आणि सिमेंट रोडनं मैदान दोन फूट खाली गेलं, पावसात तळं!

जुना_महालकर:
आमच्या वेळी कुलूपच तोडलं असतं.

रेशीमबागकर:
काका, तुमच्या वेळी कुलूप नव्हतं, म्हणून ही मर्दुमकी.

जुना_महालकर:
तोंड सांभाळून. वयानं मोठा आहे मी.

रेशीमबागकर:
चुकलो. पण विचारल्याशिवाय खड्डे खणणं चूक होतं, एवढं तरी माना.

जुना_महालकर:
मानलं, जा. पण विचारून चार्टपेपर घरी नेणं त्याहून चूक, हे तुम्ही माना.

रेशीमबागकर:
ते कबूल. बाबूभाऊ, रविवारी सहाला खिळे वेचू या.

जुना_महालकर:
फावडं माझ्याकडे आहे.

बर्डीचा_बाबू:
खिळ्यांना फावडं काय करता काका, चुंबक आणा.

ट्राफिक_पार्क:
सिमेंट रोडचं कोणी बोलूनच नाही राहिलं.