मालवण ‘विकलं’ म्हणे! मग सह्या कोणी केल्या?

वायरीकर
परवा इथे एका दादरकर बंधूंनी लिहिलं: ‘बारा वर्षांनी मालवणात गेलो आणि रडू आलं. चिवल्याच्या किनाऱ्यावर कचरा, दांडीच्या किनाऱ्यावर पॅराशूटची रांग, खानावळीतला पोरगा हिंदीत विचारतो, क्या लोगे? मालवणकरांनीच मालवण विकलं.’ खाली रडक्या तोंडांची जत्रा भरली. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

बारा वर्षांनी उगवणाऱ्याला गाव मिठात घालून ठेवलेलं हवं असतं. माझे आजे रापणीवर होते. होडीतून अर्धगोल जाळं सोडायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून गावाने ओढायची, मिळेल त्याचे वाटे करायचे. फोटो झकास येतो. पण बाहेर खोल पाण्यात यांत्रिक बोटीचा पर्ससीनवाला मोठं जाळं गोल फिरवून बांगड्याचा अख्खा थवा उचलून नेतो, तेव्हा आमच्या वाट्याला काय उरतं, हे त्या फोटोत दिसत नाही. ओढायला पोरं तरी कुठे होती? गोव्याला हॉटेलात भांडी घासत होती. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर हळूहळू कोणी होडी चालवायला, कोणी खोल्या द्यायला परत आली. माझ्याही दोन खोल्या आहेत. पाहुण्याशी हिंदी बोललो म्हणून माझी मालवणी बाटत नाही. घरी आईशी इंग्रजीत बोलणारी नातवंडं दादरात असतात, आमच्या मालवणाशेजारच्या वायरीत नाही.

दादरचो चाकरमानी
तो ‘बंधू’ मीच. ‘आईशी इंग्रजीत’ हा टोमणा कोणाला होता ते कळलं, धन्यवाद. माझं म्हणणं साधं होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे पाहताना आधी किल्ला दिसायचा, आता आधी ‘स्कुबा’चे फलक दिसतात. पोट भरा, नाही कोण म्हणतंय? पण प्रत्येक गोष्टीचं पॅकेज करायलाच हवं का? नारळी पौर्णिमेला बंदरावर सोन्याचा नारळ सागराला वाहतात, त्या गर्दीत मला यंदा ड्रोनच जास्त दिसले.

तिवराखाली
दोघेही भावनेवर भांडताय म्हणून एक कोरडी गोष्ट सांगते. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. त्यातला गाभा किल्ल्याच्या आजूबाजूला आहे. प्रवाळही तिथलं, आणि स्कुबाच्या होड्या नांगर टाकतात तेही तिथेच. मासे फोटोत यावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करताना मी स्वतः पाहिलंय. वायरीकर, तुमच्या खोल्यांचं भाडं त्या प्रवाळावर उभं आहे. ते मेलं की पाहुणा काय बघायला येणार, तुमचा नवा संडास?

पातवाला
अभयारण्याचं नाव काढू नका! जाहीर करताना आमका कोणी विचारल्यान? कागदावर रेषा मारली आणि पिढ्यान् पिढ्या त्याच पाण्यात जाळं टाकणारा माणूस चोर ठरला. पर्ससीनवर २०१६ साली शासनाने निर्बंध आणले, एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासे ओढायलाही बंदी आहे. रात्री दांडीवर उभे रहा, समुद्रात शहर वसलंय असं वाटेल. त्यांना कोण अडवतं? आमच्या पातीला, एवढ्याशा होडीला, मात्र दहा कायदे. आणि वायरीकर, रापणीचं गाणं तुम्ही गाऊ नका. जाळं ओढायला मोकळा किनारा लागतो. तिथे तुमच्या जेटस्की उभ्या असतात.

वायरीकर
माझी जेटस्की नाही! एक होडी आहे, तीही कर्जाची. नांगराचं मात्र कबूल, आम्ही काहीजण नांगर न टाकता तरंगत्या बोयाला होडी बांधतो, सगळे बांधत नाहीत. पावाचंही कबूल, हवं तर त्याला पाव मार्क द्या. पण ‘विकलं’ हा शब्द मी गिळणार नाही.

दादरचो चाकरमानी
मग किनाऱ्यालगतच्या बागा परप्रांतीयांच्या नावावर कशा झाल्या? माडांना पाय फुटले?

वायरीकर
हे बरं विचारलंत. त्या विकल्या तुम्ही! माझ्या घरामागचा तुकडा पणज्याच्या नावावरून खाली येत येत सातबाऱ्यावर एकतीस नावांचा झालाय. गावात राहणारे आम्ही चार. उरलेले परळ, डोंबिवली, एक बहरीन. कौलं मी बदलायची, माडाचं पाणी मी बघायचं, आणि बँक कर्जाला सगळ्यांचं संमतीपत्र मागते. फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘चतुर्थीला येतो तेव्हा बघू.’ चतुर्थीला आले की मोदक खातात, आरती म्हणतात आणि परतीची गाडी पकडतात. चार वर्षं हेच. मग एके दिवशी त्यातल्याच एकाने आपला हिस्सा दलालामार्फत पाहुण्या माणसाला दिला. आता तो पाहुणा मला रस्ता विचारतो. कोणी विकलं मालवण?

कायद्याचा कीस
चूक माहिती पसरवू नका. अविभक्त हिस्सा विकता येतो, पण वारसाहक्काने एकत्र मिळालेली मिळकत एखादा वारस बाहेर विकत असेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ खाली सहवारसांना आधी घेण्याचा हक्क आहे. आणि सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ ने तहसीलदाराकडे वाटप होतं, कोर्टात जावं लागत नाही.

वायरीकर
‘सगळे राजी असतील तर.’ साहेब, सगळे राजी असते तर मी ह्या धाग्यावर असतो का?

देवबागातून
आमची गंमत वेगळी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली. सीआरझेडवाले, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणारे, समुद्राकडून टेप लावतात, मग नदीकडून लावतात. मधे जे उरतं त्यात तुळशीवृंदावन बसतं. वाटप करून घेतलं तरी बांधणार कुठे? दर पावसाळ्यात समुद्र स्वतःच वाटप करून जातो, संमतीपत्र न मागता.

दादरचो चाकरमानी
वायरीकर, सही न करणारा प्रत्येकजण हरामखोर नसतो. आमच्या वडिलांनी गिरणीच्या पगारातून तीस वर्षं गावात मनीऑर्डर पाठवली. तुम्ही म्हणता ती कौलं त्यातूनच आली. त्या घरात आम्ही गेलो की काका विचारतो, ‘कधी जाताय?’ सही केली की तेवढंही विचारणार नाही. तुम्हाला एकतीस नावं अडचण वाटतात. माझ्यासाठी गावाशी उरलेला तेवढाच धागा आहे.

वायरीकर
मनीऑर्डरचं खरं आहे. आमच्याकडेही यायची. पण धाग्याने छप्पर गळायचं थांबत नाही.

माहेरवाशीण
दोन्ही बाजूंचे पुरुष इतका वेळ रडतायत, आता माझं ऐका. त्या एकतीस नावांत बहिणींची किती आहेत हो? माझ्या भावाने गेल्या चतुर्थीला जेवणाच्या पानावर हक्कसोडपत्र ठेवलं. ‘ताई, नुसती फॉर्मॅलिटी, रजिस्ट्रारची वेळ घेतलीय.’ मुलींना मुलासारखा हक्क महाराष्ट्रात १९९४ लाच मिळाला, देशभर २००५ ला. गावात अजून ‘ती दिल्या घरी सुखी’. आणि गंमत म्हणजे आमच्या त्याच वाड्यात पर्यटकांसाठी जे ‘अस्सल मालवणी जेवण’ रांधलं जातं, त्याचा मसाला दर उन्हाळ्यात माझी आई भाजते. पाटीवर नाव भावाचं.

कायद्याचा कीस
हक्कसोडपत्र दबावाखाली असेल तर…

माहेरवाशीण
दबाव नव्हता. सोलकढी होती.

पातवाला
समुद्रावरनं सुरू झाला आणि रजिस्ट्रार कचेरीत पोचला. धन्य.

तिवराखाली
पोचणारच. बाग विकली गेली तर कुंपण भरतीच्या रेषेपर्यंत येतं, आणि मग तुमची रापणही थांबते. एवढं तरी मान्य करा.

पातवाला
करतंय. पण अभयारण्याबद्दल नाय.

वायरीकर
दादरकर, ‘विकलं’ मागे घ्या, मी ‘मिठात घालून ठेवलेलं’ मागे घेतो. इंग्रजीवालं राहू दे, ते खरं होतं.

दादरचो चाकरमानी
‘मालवणकरांनीच’ मधला ‘च’ मागे घेतो. बाकी तसंच. आणि एक विचारतो, वायरीत खयसर? भूतनाथाच्या देवळाकडे काय? आमचा एक पडका वाडा तिथेच आहे. सातबाऱ्यावर बत्तीस नावं.

वायरीकर
एकतीस. एक काका गेल्या माघात गेले, तुम्हाला कोणी कळवलं नसेल. चतुर्थीला येताना आधारकार्डाच्या दोन झेरॉक्स आणा.

माहेरवाशीण
आणि बहिणींना पण सांगा यायला. पानावर काही ठेवू नका म्हणजे झालं.