डोकं माझं, मग हेल्मेटची सक्ती कशाला?

पेठेतली_आइंडहोवनात:
मंडळी, मी मूळची सदाशिव पेठेतली, सध्या मुक्काम नेदरलँड्स. इथे सायकलवर हेल्मेटची सक्ती नाही. पुढच्या खोक्यात दोन पोरं बसवून आई बोडक्या डोक्याने भर पावसात निघते. हेल्मेटवाला दिसलाच तर तो रेसिंग सायकलवाला, नाहीतर परदेशी. पुण्यातल्या माझ्या दादाला हे आयतंच मिळालंय. "बघ, पुढारलेल्या देशात माणसाला त्याचं डोकं सांभाळू देतात. माझं फुटलं तर माझं फुटेल, सरकारचं काय जातं?" याला काय उत्तर द्यावं?

पगडीवाला:
दादांना माझा नमस्कार सांगा. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात दुचाकीवर हेल्मेटची सक्ती आली तेव्हा विरोध करणाऱ्यांत मीही होतो. हायवेवर मी स्वतः घालतो. पण लक्ष्मी रोडवर गाडी वीसच्या वर जाते का कधी? मागचा हॉर्न ऐकू येत नाही, मान अवघडते, आणि मंडईत उतरल्यावर ते डबडं ठेवायचं कुठे? शिखांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये सूट आहे, मग पुणेरी पगडीने काय घोडं मारलंय?

सिस्टरताई:
काका, पुणेरी पगडी रोज कोण घालतं हो?
मी निवृत्त नर्स. सगळी नोकरी अपघात विभागात झाली, त्यामुळे मी तटस्थ नाही, आधीच सांगते. वीसच्या वेगाचं म्हणाल तर आमच्याकडे मागे एका बाजूला बसलेल्या बायका यायच्या. गाडी खड्ड्यात आदळली की त्या मागच्या मागे पडायच्या. चालवणाऱ्याला खरचटलेलंही नसायचं. डोळ्यांभोवती काळंनिळं आणि कानातून पातळ पाणी, म्हणजे कवटीचा तळ फुटल्याची खूण दिसली, की आम्ही स्कॅनची वाट न बघता मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावायचो. सक्तीवर एवढी भांडणं होतात, पण मागे बसणारीचं नाव कोणी काढत नाही. कलम १२९ मध्ये तीही आहे.

आता "सरकारचं काय जातं". शिखांना ब्रिटनने १९७६ साली कायदा करून मोटारसायकलवर सूट दिली. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया, ऑन्टारिओ अशा काही प्रांतांत आहे. जर्मनीत मात्र २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने पगडीसाठी सूट मागणाऱ्या शीख माणसाला नकार दिला. कारण वाचून मी चाटच पडले. हेल्मेट फक्त घालणाऱ्यासाठी नसतं, अपघातातल्या दुसऱ्या माणसालाही आणि उचलायला धावणाऱ्यांनाही त्या दृश्याचा धक्का बसतो, असं कोर्ट म्हणालं. श्रद्धेचा प्रश्न असेल तर मी ब्रिटनच्या बाजूची आहे, पण हे कारण मला शंभर टक्के पटलं. "माझं डोकं" म्हणणारा बेशुद्ध असतो. संमतिपत्रावर सही करायला त्याची बायको उभी असते. पेन कुठे टेकवायचं तेही तिला बोट ठेवून दाखवावं लागतं.

उत्रेख्त_रिटर्न:
दादांना डच उदाहरण अर्धंच सांगितलंय. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. 'मुलांच्या हत्या थांबवा' म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हापासून हळूहळू सायकलचे वेगळे रस्ते झाले. शिवाय मोटारगाडी एखाद्या सायकलवाल्याला धडकली तर नुकसानभरपाईचा भार बहुतेक वेळा मोटारवाल्यावर. म्हणजे तिथे सक्ती आहेच, फक्त ती गाडीवाल्यावर आणि रस्ते बांधणाऱ्यांवर. आणि इंजिन आलं की डचही ऐकत नाहीत. ताशी २५ किलोमीटरवाल्या हलक्या मोपेडलाही १ जानेवारी २०२३ पासून हेल्मेट सक्तीचं आहे. दादांची ॲक्टिव्हा त्याहून नक्कीच जोरात पळते.
दादांना खरंच मोकळीक हवी असेल तर अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला पाठवा. तिथे मोठ्या माणसाला ना हेल्मेट, ना सीटबेल्ट.

पगडीवाला:
हेच तर म्हणतोय! आमच्याकडे सायकल ट्रॅकवर भेळेची गाडी, आणि दंडाची पावती मात्र आमच्या नावाने. आधी रस्ते करा, मग आमच्या डोक्याला हात लावा.

सिस्टरताई:
रस्त्याचं खरंय, त्यासाठी मोर्चा काढलात तर मी पहिल्या रांगेत. तोवर हेल्मेट घाला, काकूंनाही द्या, आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. चौकात पोलीस दिसला की टोपीसारखं डोक्यावर टाकायचं आणि पुढे आरशाला अडकवायचं, हे कायद्यालाही चालत नाही. पट्टा बांधलेला हवा, असं त्याच कलमात लिहिलंय.