मिशन क्षेत्रावर लहान मूल असताना दोघांनीही भाषा कशी शिकायची?

प्रश्न

प्रभूमध्ये सलाम. आम्ही पती-पत्नी लवकरच परदेशात मिशनकार्यासाठी निघतोय. मुलगी सव्वा वर्षाची आहे. पहिली दोन वर्षं भाषेसाठी राखलेली आहेत, पण संस्थेने पाठवलेल्या वेळापत्रकात तास फक्त यजमानांच्या नावापुढे आहेत. माझ्या नावापुढे ‘जमेल तसं’ एवढंच. आठवडा कसा वाटून घ्यावा, शिकवणारी व्यक्ती कशी निवडावी आणि नेमकं कुठे बिघडतं, हे जाणकारांनी सांगावं.

उत्तर १

ताई, ‘जमेल तसं’ हे शब्द निघण्याआधीच बदलून घ्या. संस्थेला पत्र लिहा आणि तुमच्या तासांचा आकडा करारात घालायला सांगा. तिथे पोचल्यावर हा विषय काढणं फार जड जातं.

हिशेब साधा आहे. ‘ग्रोइंग पार्टिसिपेटर’ या भाषा शिकण्याच्या पद्धतीत शिकवणाऱ्यासोबत बसण्याचे साधारण १५०० तास धरतात. आठवड्याला १५ तास मिळाले तर १०० आठवडे, म्हणजे दोन वर्षांच्या आत काम होतं. आठवड्याला ४ तासच मिळाले तर ३७५ आठवडे, सात वर्षांहून जास्त. तोवर यजमान उपदेश करू लागलेले असतात आणि बायको शेजारणीशी दोन वाक्यांपुढे जात नाही. क्षेत्रावरच्या जोडप्यांमधली बरीच कटुता इथे सुरू होते, आणि नाव मात्र हवामानाला किंवा घराच्या आठवणीला दिलं जातं.

वाटणी अशी करा: सकाळी दीड तास एकाचा, मग दीड तास दुसऱ्याचा, आठवड्याचे पाच दिवस. एक शिकतो तेव्हा मूल पूर्णपणे दुसऱ्याकडे, शक्यतो घराबाहेर. शेजारच्या खोलीत मूल रडत असेल तर आईचं लक्ष तिथेच जातं आणि तो तास वाया जातो. यातून प्रत्येकी साडेसात तास होतात. उरलेले संध्याकाळी आणि शनिवारी भरायचे. सुरुवातीचे सहा महिने आठवड्याला दहा तास झाले तरी चालतील, पण दोघांचा आकडा सारखा हवा. यजमानांना या काळात मंडळीची (चर्चची) जबाबदारी घेऊ देऊ नका. ‘फक्त रविवारचं तेवढं बघा’ असं म्हणून सुरुवात होते आणि तास कापले जातात ते तुमचे.

उत्तर २

शिकवणाऱ्या व्यक्तीबद्दल लिहिते.

तुमच्यासाठी बाई आणि यजमानांसाठी पुरुष, अशा दोन व्यक्ती घ्या. परक्या स्त्री-पुरुषांनी एका खोलीत तासन्‌तास बसणं बऱ्याच समाजांत चालत नाही, हे एक कारण. शिवाय थाई, जपानी अशा भाषांत बायकांची आणि पुरुषांची बोलण्याची ढब वेगळी असते. पुरुषाकडून शिकलेली बाई लोकांच्या कानाला विचित्र वाटते.

शाळामास्तर शक्यतो नको, तो लगेच मुळाक्षरं आणि व्याकरण काढतो. गप्पिष्ट, धीराची, स्वतःची भाषा मनापासून आवडणारी व्यक्ती बघा. पहिले ३० तास तुम्ही बोलायचंच नाही, फक्त ऐकून बोट दाखवायचं. चटईवर कप आणि चमचा ठेवा. ती विचारेल ‘कप कुठे आहे?’, तुम्ही दाखवा. दोन्ही पक्के झाले की तिसरी वस्तू, मग चौथी. एका बैठकीत दहा-बारा पुरे. पाच वस्तू एकदम मांडल्या की गोंधळ उडतो आणि शिकवणारीही वैतागते. शेवटची दहा मिनिटं तिच्या आवाजात त्या दिवसाचे शब्द रेकॉर्ड करून घ्या. मुलीला भरवताना, भांडी घासताना तेच ऐकायचं.

पैशाचं पहिल्याच दिवशी स्पष्ट करा: तासाचा दर तिथल्या शिकवणीइतका, पगाराचा वार ठरलेला, आणि तुम्ही ऐनवेळी बैठक रद्द केलीत तरी तिचे पैसे द्यायचे. उसने मागितले तर जागच्या जागी हो किंवा नाही म्हणू नका. ‘आम्ही दोघं बोलून उद्या सांगतो’ म्हणा आणि खरंच उद्या सांगा.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तिची नोकरी उपासनेला येण्यावर अवलंबून आहे अशी शंकासुद्धा तिच्या मनात येता कामा नये. ती आपणहून विश्वासाबद्दल विचारू लागली तर ते बोलणं पगाराच्या तासाबाहेर करा. नाहीतर तिच्या घरचे म्हणतील की पैशासाठी धर्म बदलला, आणि तिला ते आयुष्यभर ऐकावं लागेल.

उत्तर ३

वरचं पटतं, फक्त घर आणि मूल म्हणजे अडथळाच असं धरू नका. अदोनिराम आणि ॲन जडसन हे अमेरिकन मिशनरी जोडपं १८१३ मध्ये ब्रह्मदेशात रंगूनला पोचलं. घरकारभार ॲनकडे असल्यामुळे दिवसभर तिला बर्मी लोकांशी बोलावंच लागे, आणि रोजच्या बोलण्यात ती नवऱ्याच्या पुढे गेली. पुढे तिने दानीएल आणि योना ही पुस्तकं बर्मी भाषेत उतरवली. मात्र शिक्षकापाशी बसून अभ्यास तीही करत होती. बाजार आणि शेजार उपयोगी पडतो तो बैठकीत ऐकलेलं तिथे पुन्हा कानावर पडतं म्हणून.

पाहुणे आले की यजमानांनी तुमच्यासाठी दुभाषा व्हायचं नाही, हे आधीच ठरवा. ते भाषांतर करू लागले की लोक तुमच्याकडे बघायचंच सोडतात. अडलात तर शब्द पाहुण्यालाच विचारा.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. मुलगी अजून अंगावर पिते, सलग दीड तास ती बाहेर राहील असं वाटत नाही.

उत्तर २

मग पाऊण-पाऊण तासाच्या दोन बैठका करा, मध्ये पाजायला अर्धा तास. त्या अर्ध्या तासाचे पैसेही शिकवणारीला द्या आणि तिला तिथेच बसू द्या. मुलीशी ती जे बोलेल तेही ऐकत राहा: ये, बस, घे, नको, पडशील. पहिल्या महिन्यात नेमकी हीच वाक्यं लागतात.