घाणेरीच्या कुंपणाऐवजी काय लावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुळशीकडे आमचं छोटं घर आहे. सासऱ्यांनी हौसेने लावलेली घाणेरी (टणटणी) आता पंचवीसेक फूट कुंपणभर माजली आहे. फुलं सुरेख, फुलपाखरंही येतात. पण बुलबुल तिची काळी फळं खाऊन बिया पार मागच्या डोंगरापर्यंत नेतात. तिथे करवंदीच्या जाळीत तिची रोपं दिसली आणि फार वाईट वाटलं. शिवाय पाला गुरांना विषारी.

गेल्या मे महिन्यात जमिनीलगत छाटली, तर मृगाच्या दोन सरींत प्रत्येक खुंटाला मूठभर नवे फुटवे! आता कुदळीने गड्ड्यासकट काढायची आहे. जमीन मुरमाड, ऊन दिवसभर, शेजारच्या शेळ्या मोकाट.

शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून निर्गुडी आणि अडुळसा डोक्यात आहे, मध्ये कोरांटी आणि धायटी. कढीपत्ताही हवा, लिंबाच्या जातीच्या झाडांवर येणारी फुलपाखरं त्यावरही अंडी घालतात.

कुणी असं कुंपण केलंय का? दोन रोपांत अंतर किती ठेवलंत? निर्गुडीच्या फांद्या थेट जागेवर खोचल्या तर जगतात, की पिशवीत रुजवून घ्याव्यात? आणि उपटलेल्या घाणेरीचं काय केलंत? जाळायची नाही, असं ठरवलंय.