क्रिओल महोत्सव: सेगा जपला जातोय की विकला जातोय?

समुद्रवेडा:
मॉरिशसमध्ये एका हॉटेलात जेवताना सेगा, म्हणजे तिथला पारंपरिक नाच-गाण्याचा प्रकार, पाहिला आणि मन खट्टू झालं. उसाच्या मळ्यात राबणाऱ्या गुलामांचं हे गाणं. त्यात वाजतं ते रवान म्हणजे साधारण आपल्या डफासारखं वाद्य, बकऱ्याच्या कातड्याचं. आधी शेकोटीवर शेकायचं, मग ते बोलतं. इथे प्लॅस्टिकचा पडदा, कीबोर्ड आणि फुलाफुलांचे घागरे. क्रिओल महोत्सवाचे (तिथल्या क्रिओल भाषेचा आणि संस्कृतीचा सरकारी सोहळा) मोठाले मंच म्हणजे याचीच मोठी आवृत्ती, असं माझं मत. २०१४ ला युनेस्कोच्या वारसा यादीत गेला तो सेगा हाच का?

पोर्टलुईसकर:
दमट हवेत कातडं सारखं सैल पडतं. भर कार्यक्रमात मंचावर शेकोटी पेटवायची का? आणि हॉटेलचा राग महोत्सवावर कशाला? इथे क्रिओल सगळे बोलतात, मराठी आडनावांची घरंसुद्धा. तरी 'मोडकं फ्रेंच' म्हणून तिला हिणवलं गेलं. प्राथमिक शाळेत विषय म्हणून यायला २०१२ उजाडलं. त्या भाषेतली गाणी सरकारी मंचावर होतात, हे तुम्हाला किरकोळ वाटतं?

समुद्रवेडा:
सरकारी मंचाचं कौतुक नका सांगू. सेगा आणि रेगे मिसळून 'सेगे' रुजवणारा काया १९९९ ला पोलीस कोठडीत मेला, बेटावर दंगली पेटल्या. ती धग मंचावर कुठून येणार?

पोर्टलुईसकर:
कायाच्या हातात गिटार होती, साहेब. मग कीबोर्डने काय घोडं मारलंय?

चिपळूणचा:
:) बिनतोड. आमचा कोकणातला जाखडी नाच गणपतीत अंगणात रंगायचा, आता मुंबईत नाट्यगृहात तिकीट लावून त्याचाच शक्ती-तुरा, म्हणजे दोन पक्षांचा सामना, होतो. बुवांच्या हाती चार पैसे पडतात, पोरं शिकतात. मॉरिशसच्या मराठी मंडळींनी तीच जाखडी 'झाकरी' म्हणून जपलीय. अंगणच हवं म्हणून अडून बसले असते तर? (अंगणातली मजा वेगळी, हे मात्र खरं.)

समुद्रवेडा:
गिटारचं मान्य, तिथे घसरलो. पण काय मिसळायचं ते कायाने स्वतः ठरवलं. हॉटेलात ते पाहुण्यांच्या आवडीवर ठरतं. फरक आहे. असो. शेकलेलं रवान ऐकायचं तर कुठे जाऊ?

पोर्टलुईसकर:
१ फेब्रुवारीला ल मॉर्नच्या डोंगराखाली या, पळालेले गुलाम लपायचे तो हा डोंगर. १८३५ ला गुलामगिरी संपली तो दिवस, सुट्टी असते. सरकारी कार्यक्रम तिथेही असतो, आधीच सांगून ठेवतो.