सोफिया वेंबो: विजयाची गायिका, की हुकूमशहाच्या सोयीची?

पिंपळपान (धागाकर्ता)

गेले दोन महिने जुनं ग्रीक संगीत ऐकतोय. त्यातलं एक मात्र घशाखाली उतरत नाही, म्हणून हा धागा.

सोफिया वेंबो. जन्म १९१०, गॅलिपोली, म्हणजे तेव्हाचा ऑटोमन मुलूख. निर्वासित कुटुंब, ग्रीसमध्ये व्होलोसला वाढली, १९३३ पासून अथेन्सच्या संगीत-रंगभूमीवर. २८ ऑक्टोबर १९४० च्या पहाटे इटलीने निर्वाणीचा खलिता धाडला, पंतप्रधान मेटाक्सासने तो धुडकावला आणि युद्ध पेटलं. त्या दिवसांत हिने मुसोलिनीची जी टर उडवली, तिच्यावर तिला 'विजयाची गायिका' ही पदवी मिळाली ती कायमची.

आता माझं म्हणणं. हा मेटाक्सास स्वतःच हुकूमशहा होता. ऑगस्ट १९३६ पासून संसद गुंडाळलेली, कम्युनिस्ट तुरुंगात नाहीतर बेटांवर हद्दपार, आणि गाण्यांवर सेन्सॉर. रेबेटिको हे बंदरातल्या हमालांचं, गुत्त्यांचं, निर्वासित वस्त्यांचं संगीत. त्यातली हशीशची गाणी बंद, 'अमाने' हा तुर्की वळणाचा गायनप्रकारही बंद. आधी बाकीच्यांची तोंडं शिवायची आणि जिला मोकळं ठेवलं तिला राष्ट्राचा आवाज म्हणायचं, हा कुठला न्याय?

शिवाय गाणी तरी नवी कुठे होती? सगळं विडंबन. चाल तीच, शब्द बदलले.

उंबरझरा

पिंपळपान, सेन्सॉर मेटाक्सासचा होता, गळा तिचा होता. दोन्ही एका पोत्यात भरू नका.

आणि विडंबन म्हणून नाक काय मुरडता? 'कोरोइदो मुसोलिनी' (आपल्याकडे 'मुसोलिनीचा मामा झाला' म्हणू तसं) हे गाणं 'रेजिनेला कांपान्योला' या इटालियन लोकप्रिय गाण्याच्या चालीवर बेतलंय. ज्या चालीवर तुमच्या घरचे नाचतात, त्याच चालीवर आम्ही तुमच्या नेत्याची शोभा करतो! यापेक्षा खमंग चिमटा स्वतंत्र चालीत बसला असता का? आपल्या मेळ्यांतही गाजलेल्या पदांच्या चालींवर नवे शब्द बसवत. त्याला कुणी चोरी म्हणत नव्हतं.

खर्ज

राजकारण बाजूला ठेवून जरा आवाजाबद्दल बोलू का? बाईचा आवाज ढाला आहे, खालच्या स्वरांत पुरुषी वाटावा इतका. गोड आवाजात सैनिकांना हाक मारली असती तर ती प्रेयसीची वाटली असती. हिची थोरल्या बहिणीची वाटते.

'पेदिया, तिस एलाडोस पेदिया', म्हणजे 'मुलांनो, ग्रीसच्या मुलांनो', हे गाणं ऐका. संगीत मिखालिस सुयूल, शब्द मिमिस त्राइफोरोस. मूळ गाणं 'झेख्रा' नावाचं, पूर्वेकडच्या वळणाचं प्रेमगीत. म्हणजे पिंपळपान, ज्या पूर्वेकडच्या सुरांची त्या राजवटीला लाज वाटत होती, तेच गळ्यात घेऊन सैन्य डोंगरात गेलं. तुमच्याच मुद्द्याला जोड देतोय, पण यात ती दोषी ठरत नाही.

आणखी एक. त्या गाण्यात 'आम्ही सगळ्या' तुम्ही परत यावं म्हणून माता मेरीची प्रार्थना करतो, असं आहे. ग्रीकमध्ये तो 'सगळ्या' स्पष्ट स्त्रीलिंगी आहे. युद्धगीत, पण बोलणाऱ्या बायका, आणि मागणं काय, तर परत या. शत्रूला कापून काढा असं नाही.

निवृत्त सुभेदार

चर्चेत उशिरा आलो. संगीतातलं कळत नाही. पण थंडीत उंचावर ड्यूटी केली आहे. तिथे शौर्याची भाषणं कुणाला नको असतात. समोरच्याच्या मोठ्या साहेबाची नक्कल करणारा एक जण तुकडीत असला की रात्र निघते. इटलीच्या ताब्यातल्या अल्बेनियाच्या डोंगरात लढताना त्या ग्रीक पोरांचे पाय हिमदंशाने गेले. अशा जागी हसवणारी बाई लाख मोलाची. सरकारने तिला मोकळं सोडलं की बांधलं, हे शिपाई विचारत नाही.

पिंपळपान

सुभेदारसाहेब, मान्य. पण मग 'विजय' कोणता? ग्रीक सैन्याने नोव्हेंबरात अल्बेनियातलं कोर्चा शहर घेतलं, डिसेंबरात अर्जिरोकास्त्रो, इथवर ठीक. ६ एप्रिल १९४१ ला जर्मन आले आणि २७ तारखेला अथेन्स पडलं. त्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसं भुकेने मेली. वेंबो १९४२ मध्ये इजिप्तकडे निघून गेली.

जे मागे राहिले त्यांचं काय? रेबेटिको गायिका सोतिरिया बेलू जर्मनांविरुद्धच्या प्रतिकारात उतरली, पकडली गेली, छळ सोसला. रेबेटिकोचा संगीतकार त्सित्सानिसने थेसालोनिकीत 'सिनेफियास्मेनी किरियाकी', म्हणजे 'ढगाळलेला रविवार', त्याच काळात रचलं, पण रेकॉर्ड निघाली १९४८ ला, आणि त्यात गायली कोण, तर बेलूच. व्याप्त ग्रीसचं खरं गाणं ते. शाळेत मात्र वेंबो वाजते.

उंबरझरा

पळून गेली म्हणायचंय का तुम्हाला? मुसोलिनीला मामा बनवणारी गाणी गाऊन जर्मन-इटालियन ताब्यातल्या शहरात राहायचं कसं? मध्यपूर्वेत जाऊन ती परागंदा ग्रीक फौजांसाठीच गायली. त्याआधी नौदलाला २००० सोन्याची नाणी देऊ केली होती. सोयीची बाई पैसे घेते हो, देत नाही.

बेलूबद्दल आदर आहेच. पण एकीला मोठं करायला दुसरीला खाली ओढलंच पाहिजे का? (हा रोग आपल्याकडेही आहे, नावं घेत नाही.)

अथेन्सकर

मी इथे नोकरीनिमित्त राहतो. २८ ऑक्टोबरला लेकीच्या शाळेत संचलन असतं, आणि हो, वेंबोच वाजते, कर्ण्यावर, फाटक्या आवाजात. तेव्हा पिंपळपान यांचा कंटाळा समजू शकतो.

पण 'हुकूमशहाच्या सोयीची' हे मला खटकलं, कारण इथे तिची दुसरी गोष्टही सांगतात. नोव्हेंबर १९७३, लष्करी राजवट, पॉलिटेक्निकमध्ये विद्यार्थ्यांचा उठाव. रणगाडा फाटक तोडून आत शिरला त्या रात्री साठी उलटलेल्या वेंबोने पळणाऱ्या पोरांना स्वतःच्या घरात घेतलं. पोलीस दारात आले, तिने मुलं त्यांच्या हवाली केली नाहीत. ती १९७८ च्या मार्चमध्ये गेली तेव्हा अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीत त्यातले कितीतरी असतील.

मेटाक्सुर्गियो भागात १९४९ मध्ये तिने स्वतःचं थिएटर उभारलं. आजही त्याचं नाव 'वेंबो'.

पिंपळपान

१९७३ चं ठाऊक नव्हतं. तेवढ्यापुरते शब्द मागे घेतो.

रेबेटिकोचा मुद्दा मात्र सोडत नाही. एकाच आवाजाला कर्णा मिळतो तेव्हा बाकीचे गप्प का होते, हे विचारायला हवं. दोष तिचा नसला तरी.

खर्ज

विचारा की. फक्त शीर्षकातलं 'सोयीची' काढा.

पिंपळपान

प्रयत्न केला. प्रतिसाद आल्यावर शीर्षक बदलता येत नाही म्हणे. संपादक मंडळाला निरोप टाकलाय.